तिसरी बंदूक

पोस्ट लांब आहे आणि बंदुकीबद्दल आहे. त्यामुळे आधीच सांगतो, मी बंदुकीचा प्रचारक नाही. आपल्याकडे शस्त्राचा परवाना सहज मिळत नाही, ते योग्यच आहे असं माझं मत आहे. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांची मला चीड येते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कमरेला पिस्तूल लावून उभे राहणारे दादा, भाऊ, युवा नेते आपल्या सातारा-सांगलीत कमी नाहीत, त्यांच्याबद्दल तर काय बोलावं. पण शस्त्र कायद्याच्या एका दुरुस्तीमुळे आमच्या घरातून एक वस्तू गेली, तशीच ती इतर अनेक घरांतून गेली असणार, आणि त्यावर कुणी बोलताना दिसत नाही. म्हणून हे लिहितोय.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. मी नोकरीमुळे गेली सत्तावीस वर्षं सांगलीत. वडिलांच्या परवान्यावर तीन बंदुका होत्या.

पहिली बारा बोअरची दुनळी. ही वडिलांनी स्वतः घेतलेली, शेताच्या राखणीसाठी.

दुसरी आजोबांची, पॉइंट टू टूची रायफल. अमेरिकन, विंचेस्टर कंपनीची, १९०६ मॉडेल. पाचगणीत एक इंग्रज गृहस्थ राहायचे. स्वातंत्र्य आलं तसा त्यांनी बंगला मोडला आणि सामान विकलं, त्यात आजोबांनी ही रीतसर परवान्यावर नोंदवून घेतली. त्याच सामानातलं एक जेवणाचं टेबलही आमच्याकडे आहे. त्याला अर्थातच परवाना लागला नाही.

तिसरी सगळ्यात जुनी. पणजोबांची ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू भरायची, वर चिंधी, मग छर्रे, गजानं ठासायचं, आणि मागं घोड्याखाली टोपी बसवायची. कुठल्या कंपनीची? कुठल्याच नाही. आमच्याच भागातल्या कुणा लोहारानं घडवलेली, असं घरात सांगत. दस्त्यावर पितळेची पट्टी आणि तिच्यावर छिन्नीनं कोरलेलं एक कमळासारखं चिन्ह. नाव नाही, साल नाही, नंबर होता तो सरकारनं नंतर ठोकलेला.

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पुढे, १९८३ च्या दुरुस्तीनं, एका माणसाकडे जास्तीत जास्त तीन बंदुका अशी मर्यादा आली. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेनं ती दोनवर आणली. मूळ मसुद्यात तर एकच होती. ओरड झाली म्हणून दोन झाल्या. ज्यांच्याकडे दोनपेक्षा जास्त आहेत त्यांनी कुठल्याही दोन ठेवाव्यात आणि बाकीच्या वर्षाच्या आत जमा कराव्यात, असा हुकूम. वारसाहक्कानं आलेल्या बंदुकांनाही हीच मर्यादा. नामांकित नेमबाजांसाठी वेगळी सोय आहे, पण वडील नेमबाज नव्हते, शेतकरी होते.

याच दुरुस्तीत चांगल्या गोष्टीही आहेत. आनंदाच्या भरात हवेत गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बेकायदा शस्त्रांच्या शिक्षा वाढवल्या. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. या सगळ्याला माझा पाठिंबाच आहे.

तर २०२० साल. लॉकडाऊन, वडील ऐंशीच्या घरात, आणि तीनपैकी एक बंदूक द्यायचीय. कुठली द्यायची?

वडिलांनी हिशोब सरळ मांडला. "बारा बोअर शेताला लागती. पॉइंट टू टू तात्यांची आठवण, आन् तिला अजून काडतूस मिळतंय. ठासणीचीला काय मिळतंय? तिचा बार माझ्या हातनं कधी निघाला ते मला आठवत नाही. ती द्यायची." तात्या म्हणजे आजोबा. हिशोबात खोट काढायला जागाच नव्हती. ठासणीची बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. पावती माझ्याकडे आहे.

आता माझा मुद्दा.

आम्ही जी अमेरिकन रायफल ठेवली ती काय चीज आहे हे मी नंतर सवडीनं वाचलं. जॉन ब्राउनिंग नावाचा बंदूक घडवणारा अमेरिकेत होऊन गेला. त्यानं आणि त्याच्या भावानं केलेल्या रचनेवर विंचेस्टरनं १८९० साली पॉइंट टू टूची पंप रायफल काढली. पंप म्हणजे काय, तर नळीखालची लाकडी मूठ मागं ओढायची, की रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि घोडा चढतो. मूठ पुढे ढकलली की नवीन काडतूस नळीत बसतं. काडतुसं नळीखालच्याच दुसऱ्या बारीक नळीत एकामागे एक ओळीनं भरलेली असतात. डाव्या बाजूचा एक मोठा स्क्रू सोडवला की अख्खी रायफल दोन तुकड्यांत सुटते आणि वळकटीत मावते. आपल्याकडे जत्रेत छर्र्याच्या बंदुकीनं फुगे फोडायचा स्टॉल असतो ना, तसे तिकडच्या जत्रांत नेमबाजीचे स्टॉल असत, आणि तिथं ही १८९० ची रायफल ठेवलेली असे. १९०६ चं मॉडेल हा तिचाच स्वस्त भाऊ. दोन्ही १९३२ पर्यंत निघत होत्या आणि दोन्ही मिळून पंधरा लाखांहून जास्त निघाल्या.

पंधरा लाख! तिच्या प्रत्येक स्क्रूवर पुस्तकात माहिती आहे. नंबरावरून साल काढता येतं. आमची १९२० च्या दशकातली निघाली. तिकडे अशा रायफली जमवणारे, दुरुस्त करून चालवणारे हजारो हौशी लोक आहेत. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात तर १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक ही पुराणवस्तू धरली जाते, तिला बंदुकीचे नियम लागत नाहीत. त्यांच्याकडच्या बंदुकांच्या सुळसुळाटाचं मला अजिबात कौतुक नाही. शाळेत गोळीबार झाल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. पण जुनी वस्तू आणि आजचं हत्यार यांत फरक असतो, एवढं त्यांनी कायद्यात लिहून ठेवलंय.

आणि आमच्या लोहाराची बंदूक? तिच्यासारखी दुसरी कुठेही नाही. तिच्यावर एक ओळ कुणी लिहिलेली नाही. तो लोहार कोण, कुठल्या गावचा, लोखंड कुठून आणायचा, नळी कशी ओढायचा, ते कमळ म्हणजे त्याची खूण होती की नुसती नक्षी, यातलं काहीही आता कळणार नाही. कायद्याच्या लेखी दोन्ही एकच, "एक नग". पंधरा लाख भावंडं असलेली वाचली. जिला भावंडच नव्हतं ती गेली. आणि वडिलांनी जे केलं तेच कुठलाही शहाणा माणूस करेल, कारण काडतूस परदेशी रायफलीला मिळतं, आणि किंमतही तिलाच आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी शस्त्र आयात करणं जवळपास बंदच आहे, त्यामुळे इथं असलेल्या जुन्या विलायती, अमेरिकन मालाचे भाव चढलेलेच. म्हणजे दोनची मर्यादा आली की आधी काय जाणार, तर गावठाणातली, आपल्या माणसानं घडवलेली, बाजारात शून्य किमतीची बंदूक. असा प्रकार किती घरांत झाला असेल? आकडा माझ्याकडे नाही. पण तीन बंदुकांचे परवाने आमच्या एकट्याच्या घरी नव्हते.

काही मित्र म्हणतील, मग निकामी करून भिंतीला लावायची होती. तेही करून बघितलं. शस्त्र अधिनियमाचं कलम ४५ वाचा. जुन्या पद्धतीचं किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं शस्त्र, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. वाट आहे! म्हणजे बंदूक कितीही म्हातारी असली तरी नुसत्या वयावर सूट नाही, पण ती कायमची निकामी केली तर घरात राहू शकते. मी एका कचेरीत गेलो. विचारलं, निकामी कुणाकडून करायची, झाली हे लिहून कोण देणार, अर्ज कुठला? एका टेबलावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या. शेवटी एक साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, कशाला भानगडीत पडताय, जमा करून मोकळे व्हा." कचेरीचं नाव घेत नाही, कारण ते साहेब वाईट नव्हते. त्यांनाही माहीत नव्हतं, एवढंच. मुदत संपत आली होती, वडील थकले होते.

आमच्या भागात ठासणीची बंदूक ही काय राजेशाही थाटाची गोष्ट नव्हती. ती शेतीचं अवजार होती. हे मी म्हणत नाही, कायदाच म्हणतो. १९५९ च्या अधिनियमाचं कलम १३ उघडा. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, असं तिचं नाव घेऊन लिहिलंय, आणि ती पुरत नसेल तर अधिकारी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करू शकतो, असंही पुढे आहे. म्हणजे शेताच्या राखणीला कायद्यानं पहिला मान हिलाच दिला होता.

रात्री माळ्यावर बसायचं, डुकरं आली की एक बार हवेत. आवाजानंच काम व्हायचं. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि शिकार बंद झाली, ते बरंच झालं. नाहीतर सह्याद्रीत आज बघायला काय उरलं असतं? २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेला. आता गवे शेतात येतात, डुकरं येतात, आणि डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते. त्या भांडणावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल. इथं एवढंच, की या खोऱ्यातल्या शेतकऱ्याचं रात्रीचं आयुष्य कसं होतं त्याचा एक पुरावा म्हणजे ती बंदूक होती. विळा, मोट, नांगर आपण संग्रहालयात ठेवतो. मग हिला का नाही?

सरकार बंदुकीला घाबरतं याला इतिहास आहे, आणि तो याच मातीतला आहे. १८७८ साली लॉर्ड लिटननं शस्त्र कायदा आणला, त्याच साली देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधणाराही. हिंदी माणसाला बंदुकीला परवाना, गोऱ्याला सूट. पुढे बेचाळीसनंतर याच सातारा जिल्ह्यात, ज्यात तेव्हा आजच्या सांगलीचाही मोठा भाग होता, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. ७ जून १९४३ ला शेणोलीला पगाराची रेल्वे लुटली. त्याच वर्षी २४ जुलैला वसंतदादा आणि त्यांचे साथी पहारेकऱ्यांच्या बंदुका घेऊन सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. आपण या गोष्टी अभिमानानं सांगतो. पण त्या काळात गावागावांत लोकांकडे कसली हत्यारं होती, ती कोण घडवायचं, कोण दुरुस्त करायचं, हे दाखवणारी वस्तू तुम्ही कुठे पाहिलीय? आपल्या संग्रहालयांत तलवारी, दांडपट्टे, तोड्याच्या बंदुका असतात. त्यानंतर थेट लष्कराचे रणगाडे. मधली शंभर-सव्वाशे वर्षं शेतकऱ्याच्या हातात जे होतं ते मला तरी कुठल्या कपाटात दिसलं नाही.

पुढची हकीकत थोडक्यात. २०२१ मध्ये वडील गेले. कायद्याप्रमाणे उरलेल्या दोन्ही बंदुका आम्ही जमा केल्या आणि वारस म्हणून अर्ज केले. शेती माझ्या नावावर, म्हणून बारा बोअर माझ्याकडे आली. पॉइंट टू टूसाठी बहिणीनं अर्ज केला. ती रायफल क्लबची सभासद आहे, आणि नेमबाजीच्या सरावासाठी क्लबच्या सभासदाला पॉइंट टू टू, हेही कलम १३ मध्येच आहे. शस्त्र सुरक्षेचं प्रशिक्षण तिनं रीतसर पूर्ण केलं. तरी चौकशीला आलेल्या एकानं विचारलंच, "ताई, तुमचे मिस्टर का नाही अर्ज करत?" शेजारच्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. राही सरनोबतही कोल्हापूरचीच. आणि इथं अजून हा प्रश्न! बहीण शांतपणे म्हणाली, "त्यांना नेम धरता येत नाही." परवाना मिळाला. वेळ लागला, पण मिळाला.

आता ती महिन्यातून एकदा ती रायफल घेऊन रेंजवर जाते. स्पर्धेला त्या रायफलीचा उपयोग नाही. स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं ते ज्या जातीच्या रायफलनं, ती आणि ही म्हणजे शर्यतीचा घोडा आणि तात्यांचं तट्टू. पण कागदी निशाणावर दहा गोळ्या शांतपणे झाडायला ती अजूनही नेकीची आहे. जोरकस दारूचं काडतूस तिला घालत नाही, साधंच घालतो. शंभर वर्षांची म्हातारी आहे, जपावं लागतं. मूठ मागं ओढली की "खट्", पुढे ढकलली की "खट्". बारीकशी पितळी पुंगळी बाहेर उडते, आणि ती वेचून मोजून ठेवायची. वर्षाला किती काडतुसं घ्यायची ते परवान्यावर लिहिलेलं असतं. माझी भाची पहिल्यांदा रेंजवर आली तेव्हा तिनं पणजोबांबद्दल जितके प्रश्न विचारले तितके त्यांच्या फोटोकडे बघून कधी विचारले नव्हते.

पण याही रायफलीची काळजी वाटते. २०२४ मध्ये आधी लोकसभा, मग विधानसभा, दोनदा जमा करायला लागली. निवडणुकीत शस्त्रं जमा करून घेणं गरजेचं असतं, मान्य. पण परत आली तेव्हा नळीच्या तोंडाशी तांबूस गंज आणि दस्त्याला बुरशी. एका खोलीत शेकडो बंदुका, नावाची चिठ्ठी बांधून भिंतीला टेकवलेल्या, वर पावसाळ्याची ओल. ठाण्यातल्या हवालदारांना दोष देत नाही. त्यांना ना जागा, ना तेल, ना फडकं, ना त्यासाठी माणूस. आणि याच ओलीत आमची ठासणीची उभी असेल, अजून असलीच तर. जमा झालेली शस्त्रं ठरावीक काळानंतर मोडीत काढतात, वितळवतात. तिचं काय झालं, हे विचारायला मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा "रजिस्टर बघून सांगतो".

माझं मागणं मोठं नाही. दोनची मर्यादा हटवा असं मी म्हणत नाही. दोन पुष्कळ झाल्या. माझं म्हणणं एवढंच.

एक. जमा झालेली शस्त्रं मोडीत काढण्याआधी प्रत्येक जिल्ह्यात पुरातत्त्व किंवा संग्रहालयाच्या जाणकार माणसानं ती एकदा डोळ्यांखालून घालावीत. ज्यात काही विशेष आहे ती बाजूला काढून, निकामी करून, संग्रहालयाला द्यावीत. उरलेल्यांचे फोटो आणि मापं तरी ठेवावीत.

दोन. कलम ४५ चा फायदा घ्यायचा असेल तर बंदूक कुणी निकामी करायची आणि दाखला कुणी द्यायचा, हे मराठीत, एका कागदावर, प्रत्येक तहसील कचेरीत लावावं. असं केलं तर लोक स्वतःहून जुन्या बंदुका निकामी करून घेतील. चालू स्थितीतल्या बंदुका कमी होणं हेच तर सरकारला हवंय ना?

तीन. निवडणुकीत जमा होणाऱ्या शस्त्रांना कोरडी खोली आणि तेलाचा हात. हवं तर पैसे घ्या आमच्याकडून.

आणि एक विनंती तुम्हा वाचणाऱ्यांना. तुमच्या घरात, आजोळी, सासरी अशी परवान्यावरची जुनी बंदूक असेल, आणि ती जमा करायची वेळ येणार असेल, तर आधी दिवसाउजेडी तिचे फोटो काढा. नळीची लांबी मोजा. कुठे खूण, अक्षर, नक्षी असेल तर जवळून फोटो घ्या. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, ही कुणी बनवली, कुठून आणली, आणि त्याचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा. बंदूक सरकारला देऊन टाका, पण माहिती घरात ठेवा. आमच्या ठासणीचीचा एकच फोटो आहे, १९८४ च्या दसऱ्याचा. शस्त्रपूजेच्या पाटावर दुनळी पुढे आहे, अमेरिकन रायफल मधे, आणि ती सगळ्यात मागे, झेंडूच्या माळेखाली अर्धी झाकलेली. कमळ दिसत नाही.